एच-४, ग्रीन कार्ड आणि तीन-चार महिन्यांचे नोकरीचे कोर्स: पैसे भरण्याआधी काय बघायचं?

आभा_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजच्या कंटिन्युइंग एज्युकेशन विभागात नावनोंदणीच्या काउंटरवर काम करते. दर सत्राच्या तोंडावर आपल्याकडच्या बायका येतात. नवरा मुलांना घेऊन बाहेर गाडीत बसलेला असतो. कुणी बीएस्सी, कुणी एमकॉम, कुणी बीफार्म, काहीजणी तर चक्क इंजिनिअर. लग्न करून इथे आल्या, मुलं झाली, मुलं आता शाळेत जायला लागली, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "तीन-चार महिन्यांत होईल आणि लगेच नोकरी लागेल असं काही आहे का?"

आहे. पण काउंटरवर मागे रांग लागलेली असते, तिथे मनासारखं बोलता येत नाही. म्हणून हा धागा.

माझं सांगणं एवढंच आहे की कोर्स सगळ्यात शेवटी निवडा. आधी बघा, आत्ताच्या व्हिसावर (उदा. एच-४, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा) तुम्हाला पगारी काम करता येतं का. मग तुमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत कोण माणसं घेतंय, आणि जाहिरातीत ते नेमकं काय मागतायत. मग त्या कामाला तुमच्या राज्यात लायसन्स लागतं का. एवढं कळलं की कोर्स बहुतेक वेळा आपोआप ठरतो. बहुतेकजणी उलट्या बाजूने येतात. फेसबुकवर जाहिरात दिसते, फोन केला की पलीकडची बाई गोड बोलते, "आजच भरलेत तर सवलत" म्हणते, आणि कार्डावरून पैसे गेलेले असतात.

दुसरं म्हणजे, कम्युनिटी कॉलेजात दोन दरवाजे असतात. एक क्रेडिटचा, म्हणजे पदवीकडे जाणारा, तिथे भारतातल्या मार्कशीट, त्यांचं मूल्यांकन वगैरे सगळं लागतं. दुसरा नॉन-क्रेडिट किंवा वर्कफोर्सचा. तिथे सहसा बारावीचा पुरावा आणि इंग्रजीची छोटी चाचणी पुरते. सीएनए (नर्सिंग सहायक), फ्लेबॉटॉमी (तपासणीसाठी रक्त काढणं), फार्मसी टेक्निशियन, बुककीपिंग हे कोर्स या दुसऱ्या दरवाजातून होतात. हाच कोर्स खाजगी 'करिअर इन्स्टिट्यूट'मध्ये कितीतरी महाग असतो. कॉलेजच्या वेबसाइटवर हा विभाग कुठेतरी कोपऱ्यात असतो, म्हणून लोकांना सापडतच नाही.

ज्यांनी ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया राज्याच्या नावासकट लिहा. राज्य बदललं की नियम बदलतो.

रानजाई

आभाताई, फार गरजेचा धागा. मी कोल्हापूरची, एमकॉम. नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहते. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरायचा अर्ज, अजून मंजूर झालेला नाही, त्यामुळे मला ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, नाही. मग आत्ता कोर्स करण्यात अर्थ आहे का, की वाट बघू? घरी बसून डोकं गंजायला लागलंय.

कौस्तुभ_पी

ईएडीबद्दल मी लिहितो, म्हणजे सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

एच-४ वाल्यांना ईएडी मिळायला लागलं ते २६ मे २०१५ पासून. त्यासाठी जोडीदाराचा आय-१४० मंजूर हवा, किंवा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवलेला हवा. या नियमाविरुद्धचा खटला वर्षानुवर्षं चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला, म्हणजे नियम कायम आहे. एल-२ जोडीदारांना (नवरा किंवा बायको कंपनीच्या बदलीवर एल-१ ने आलेले) नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या ईएडीची गरज नाही, योग्य नोंद असलेला आय-९४, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा कागद, पुरतो.

आता महत्त्वाचं. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुनं कार्ड संपल्यावरही काही काळ काम करता यायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत नाही. कार्डावरची तारीख उलटली आणि नवीन हातात नसलं, तर त्या दिवसापासून घरी बसावं लागतं. अर्ज १८० दिवस आधी करता येतो, तो त्याच आठवड्यात करा. कोर्स संपून नोकरी लागेपर्यंत कार्डावर किती महिने उरतील, हा हिशेब फी भरण्याआधी मांडा.

आभा_न्यूजर्सी

कौस्तुभ, धन्यवाद. तारखेचा हा मुद्दा मी काउंटरवरसुद्धा सांगायला लागले आहे.

रानजाई, वाट बघत बसू नकोस. एच-४ वर शिकायला पूर्ण मुभा आहे, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा घ्यावा लागत नाही. कोर्सचाच भाग असलेले प्रात्यक्षिकाचे तास हेही शिक्षणच. मात्र एखाद्या खाजगी ऑफिसात "अनुभव मिळेल" म्हणून फुकट काम करायला जाऊ नकोस. ज्या कामाला एरवी पगार देतात ते काम बिनपगारी केलं तरी ते अंगाशी येऊ शकतं.

एक अडचण आधीच सांगते. ईएडी नाही म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि काही राज्यांत लायसन्सच्या अर्जावर तो मागतात. कॅलिफोर्नियात त्याऐवजी आयटीआयएन हा करासाठीचा नंबर चालतो, सगळीकडे चालतोच असं नाही. राज्याच्या बोर्डाला ईमेल करून लेखी उत्तर घे.

तू एमकॉम आहेस तर करांच्या कामाकडे बघ. आयआरएसचा, म्हणजे इथल्या प्राप्तिकर खात्याचा, व्हिटा नावाचा उपक्रम आहे. त्यात कमी उत्पन्न असलेल्या लोकांची विवरणपत्रं स्वयंसेवक विनामूल्य भरून देतात. तिथे सगळेच स्वयंसेवक असतात, त्यामुळे वरचा प्रश्न येत नाही. प्रशिक्षण फुकट असतं, हिवाळ्यात होतं, शेवटी परीक्षा असते. बरीच केंद्रं सार्वजनिक लायब्ररीतच भरतात. एका मोसमात पगाराचा डब्ल्यू-२, इतर उत्पन्नाचा १०९९, मुलांसाठीची चाइल्ड टॅक्स क्रेडिट हे सगळं तुझ्या हाताखालून जाईल, शिवाय समोरच्या माणसाशी इंग्रजीत बोलायची भीड चेपेल. पुढे एनरोल्ड एजंटची, म्हणजे आयआरएसपुढे करदात्याची बाजू मांडणाऱ्या जाणकाराची, परीक्षा देता येते. तिचे तीन भाग, प्रत्येक भागात १०० प्रश्न आणि साडेतीन तास. पदवीची अट नाही. परीक्षेच्या नोंदणीसाठी जो पीटीआयएन (विवरणपत्रं भरून देणाऱ्यांचा नंबर) लागतो त्याला सहसा सोशल सिक्युरिटी नंबर हवा असतो, म्हणून परीक्षा ईएडी आल्यावर. अभ्यास आत्ता.

रानजाई

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. लायब्ररीत उद्याच विचारते.

निर्मला_ह्यूस्टन

मी सीएनए आहे, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. नीट लिहिते, कारण या कामाबद्दल आपल्या लोकांत गैरसमज फार आहेत.

केंद्राच्या नियमाने किमान ७५ तास लागतात, त्यातले किमान १६ प्रत्यक्ष माणसांवर. राज्यं त्यात भर घालतात. आमच्या टेक्सासात १०० तास, कॅलिफोर्नियात १६०. रोज गेलात तर पाच-सहा आठवडे, शनिवार-रविवारच्या वर्गाला गेलात तर तीन महिने.

परीक्षा दोन भागांत, एक लेखी आणि एक करून दाखवायची. करून दाखवण्यात पाच कामं चिठ्ठी काढल्यासारखी येतात, हात धुणं मात्र ठरलेलंच. आणि हात धुण्यात माणसं नापास होतात! बोटं खाली आणि कोपर वर राहिलं पाहिजे, साबणाचा फेस मनगटाच्या वरपर्यंत गेला पाहिजे, किमान वीस सेकंद चोळलं पाहिजे. नंतर नळ ओल्या हाताने बंद केला की संपलं, तो कोऱ्या कागदी टॉवेलनेच बंद करायचा. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं असेल तर आधी खुर्चीचे ब्रेक, मग पेशंटच्या पायात न घसरणारी चप्पल, मग कमरेला गेट बेल्ट, म्हणजे धरून उठवायचा पट्टा. आणि प्रत्येक पायरीला त्या माणसाला सांगायचं की मी आता काय करणार आहे. शेवटी बोलवायची बेल त्याच्या हाताशी ठेवायची. हे सगळं घरी नवऱ्याला पलंगावर झोपवून रोज केलं की अंगात भिनतं.

आणि पैशांचा मुद्दा, जो शाळा स्वतःहून सांगत नाहीत. मेडिकेअर-मेडिकेडचे, म्हणजे वृद्धांसाठीच्या आणि गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमने आधी नोकरी दिली आणि मग शिकवलं, तर ते तुमच्याकडून फी घेऊ शकत नाही. तुम्ही स्वखर्चाने शिकून १२ महिन्यांच्या आत अशा ठिकाणी लागलात, तर खर्चाची भरपाई हप्त्याहप्त्याने मिळण्याची तरतूद आहे. पावत्या जपून ठेवा. त्याआधी आसपासच्या चार नर्सिंग होमना फोन करून विचारा, "तुम्ही स्वतः प्रशिक्षण देता का?" बऱ्याच ठिकाणी "हो" म्हणतात.

अजिंक्य_डॅलस

निर्मलाताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. माझी बायको एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी आहे, विद्यापीठात दुसरी आली होती. तिने इथे म्हाताऱ्या माणसांची शी-शू काढावी हे मला पटत नाही. त्यापेक्षा दोन वर्षं नीट मास्टर्स करावं आणि शिक्षणाला साजेसं काम करावं. हे छोटे कोर्स म्हणजे आपल्या शिक्षित बायकांना खालच्या पायरीवर बसवणं आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

निर्मला_ह्यूस्टन

अजिंक्य, तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. मीही स्पष्टच लिहिते.

हो, शी-शू काढावी लागते. आठ तासांत कितीतरी वेळा. पण त्याच आठ तासांत माझ्या लक्षात येतं की कालपर्यंत बोलणाऱ्या आजी आज एका बाजूने घास ओघळू देतायत, आणि मी धावत जाऊन नर्सला सांगते. ते डॉक्टरांना दिसत नाही, कारण ते तिथे पाच मिनिटं असतात. हे काम खालच्या पायरीचं आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. आपल्याकडे हेच काम आई-आजी घरात करत आल्या, त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत इतकंच.

दुसरं, तुमच्या बायकोला विचारलंत का? मास्टर्सची फी, दोन वर्षं, लहान मुलं, या सगळ्यात तिला आत्ता काय हवंय? काहीजणींना पदवी हवी असते. काहीजणींना स्वतःच्या नावावर पगार जमा झालेला बघायचा असतो, आणि तो या वर्षी बघायचा असतो. दोन्ही बरोबर आहे.

पगारही लपवत नाही. देशभरात सीएनएचा मधला पगार वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास आहे. काम अंगमेहनतीचं आहे, कंबर सांभाळावी लागते. पण माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली इथूनच एलव्हीएन आणि आरएन, म्हणजे लायसन्सवाल्या नर्स, झाल्या, आणि त्यांच्या फीचा काही भाग हॉस्पिटलने भरला.

गवती_चहा

निर्मलाताईंना अनुमोदन.

ओवी_फ्रीमाँट

अजिंक्य, तुमच्या बायकोसाठी मुद्दाम लिहितेय. एमएस्सी मायक्रोला थेट लॅबचा रस्ता आहे. पदवीचं मूल्यांकन करून घेऊन एएससीपी या लॅबवाल्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या परीक्षेसाठी कुठल्या मार्गाने पात्र ठरतो ते बघायचं. बऱ्याच मार्गांत लॅबमधला अनुभव मागतात, आणि इथल्या लॅबमध्ये पाय ठेवायला फ्लेबॉटॉमी हा चांगला दरवाजा आहे.

रक्त काढायला लायसन्स लागणारी राज्यं चारच: कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा, वॉशिंग्टन. बाकी ठिकाणी कायद्याने लागत नाही, पण हॉस्पिटलं सर्टिफिकेट मागतात. कॅलिफोर्नियात अनुभव नसलेल्यांना ४० तास वर्ग, ४० तास प्रात्यक्षिक, आणि त्यात शिरेतून किमान ५० वेळा आणि बोटातून १० वेळा रक्त काढलेलं दाखवावं लागतं.

वर्गात आधी रबराच्या हातावर शिकवतात, मग एकमेकींवर. दंडाला पट्टा बांधला की मिनिटाच्या आत सोडायचा. नळ्यांचा क्रम पाठ हवा: फिकट निळी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. क्रम चुकला की एका नळीतलं रसायन दुसरीत जातं आणि पोटॅशियमचा आकडा खोटा येतो. मायक्रोवाल्या मुलीला यातलं 'का' पटकन कळतं, आणि तिथे ती बाकीच्यांच्या पुढे असते.

शाळा निवडताना एकच प्रश्न विचारा: "एक्स्टर्नशिपची जागा तुम्ही देणार की मी शोधायची? आणि वर्ग संपल्यावर किती दिवसांत?" इथल्या एका खाजगी शाळेत माझ्या ओळखीच्या मुलीचा वर्ग जूनमध्ये संपला आणि प्रात्यक्षिकाची जागा पुढच्या वर्षी मिळाली. तोवर हात विसरून गेला होता.

अजिंक्य_डॅलस

ओवी, ही माहिती नव्हती. निर्मलाताई, बायकोला धागा वाचायला दिलाय. ती स्वतःच लिहील.

सोनचाफा

बीफार्मवाल्यांसाठी लिहिते, कारण आपल्याकडून येणाऱ्यांत या मुली खूप असतात आणि पहिलं वर्ष चुकीच्या आशेत जातं.

१ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना इथल्या फार्मासिस्टच्या समकक्षता परीक्षेला, म्हणजे एफपीजीईईला बसायचं तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपला बीफार्म चार वर्षांचा. म्हणजे नागपूर, पुणे, मुंबई कुठलाही बीफार्म असो, तो रस्ता बंद. हे कटू आहे, पण आल्या आल्या कळलेलं बरं.

फार्मसी टेक्निशियन मात्र होता येतं, आणि त्यासाठी बऱ्याच राज्यांत हजारो डॉलरचा कोर्स लागत नाही. मोठ्या फार्मसी साखळ्या आधी नोकरीवर घेतात आणि पगार देऊन शिकवतात. राज्याच्या बोर्डाकडे नोंदणी करावी लागते. पीटीसीबीची, म्हणजे टेक्निशियनच्या सर्टिफिकेटची, परीक्षा ९० प्रश्नांची. औषधांची नावं आपल्याला येतात, हे पाठबळ मोठं. खरी नवीन गोष्ट म्हणजे विमा. काउंटरवरचा अर्धा वेळ "क्लेम रिजेक्ट का झाला" हे शोधण्यात आणि चिडलेल्या माणसाला शांतपणे समजावण्यात जातो. माझं इंग्रजी सुधारलं ते ड्राइव्ह-थ्रूच्या हेडसेटवर.

वर्षा_ओहायो

मेडिकल कोडिंगबद्दल, म्हणजे विम्याच्या बिलासाठी उपचारांना कोड देण्याच्या कामाबद्दल, कुणी लिहिलं नाही अजून? घरून काम, मुलांची शाळा सांभाळून करता येतं. मी एएपीसी या संस्थेची सीपीसी, म्हणजे कोडरच्या सर्टिफिकेटची, परीक्षा दिली. १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास, पुस्तकं उघडून देता येते. अभ्यास भरपूर, पण बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग केलेल्यांना शरीरशास्त्र सोपं जातं.

ओवी_फ्रीमाँट

वर्षा, परीक्षा चांगली आहे, मान्य. पण धागा वाचणाऱ्यांनी जाहिरातीतलं "पहिल्या दिवसापासून घरून काम" खरं मानू नये. पास झाल्यावर नावापुढे सीपीसी-ए लागतं, 'ए' म्हणजे अप्रेंटिस. तो काढायला दोन वर्षांचा अनुभव लागतो, किंवा एक वर्ष अनुभव आणि ८० तासांचं शिक्षण. आणि घरून काम देणाऱ्या जाहिराती बहुतेक अनुभवच मागतात. शिवाय हे काम मोठ्या प्रमाणात भारतात जातं, आणि सोपे चार्ट आता सॉफ्टवेअर करायला लागलंय.

वर्षा_ओहायो

हे खरंय. मी सुरुवात एका क्लिनिकच्या बिलिंग डेस्कवर केली, रोज जाऊन. तिथे वर्षभर काढल्यावर कोडिंग मिळालं. ज्यांना समोरासमोर काम करायची तयारी आहे त्यांनीच यात पडावं असं मी म्हणेन. माझ्या वरच्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं.

नाव_नको

वेगळ्या आयडीने लिहितेय. इथे एका एजन्सीत सहा आठवड्यांचं क्यूए टेस्टिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याचं, ट्रेनिंग घेतलं. शिकवणारे आपलेच लोक. शिकवलं बऱ्यापैकी. शेवटच्या आठवड्यात माझा रेझ्युमे त्यांनीच करून दिला. त्यात सात वर्षांचा अनुभव, मी कधी पाहिलेल्या नाहीत अशा कंपन्यांची नावं, आणि "रेफरन्सला फोन आला तर आम्ही बोलू". मी नाही म्हटलं, तर म्हणाले सगळे असंच करतात. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. मला विचारायचंय, मी उगाच घाबरतेय का?

कौस्तुभ_पी

अजिबात उगाच नाही. नाही म्हणालात हे योग्य केलंत.

आत्ता ती फक्त नोकरी देणाऱ्याची फसवणूक दिसते. पण उद्या हाच अनुभव कुणीतरी एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात लिहिला, तर ते इमिग्रेशनच्या कामात दिलेलं खोटं विधान होतं. त्यातून अमेरिकेत प्रवेशाची कायमची बंदी येऊ शकते. नवऱ्याची इतक्या वर्षांची रांग, मुलांचं इथलं आयुष्य, सगळं त्या एका कागदावर टांगायचं?

पैशांसाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागात तक्रार करता येते. त्याला एसएसएन लागत नाही, इमिग्रेशन स्टेटसही विचारत नाहीत. पावती, ईमेल, त्यांनी बनवलेला रेझ्युमे, सगळं जपून ठेवा.

आभा_न्यूजर्सी

नाव_नको, तू लिहिलंस म्हणून दहाजणी वाचतील. टेस्टिंग खरोखर शिकायचं असेल तर कॉलेजात या, खऱ्या गॅपसकट रेझ्युमे करू. गॅप लिहिता येतो. "मुलांच्या संगोपनासाठी २०१७ ते २०२४" असं सरळ लिहिलेले रेझ्युमे घेऊन मुली इंटरव्ह्यूला गेल्यात आणि नोकऱ्या मिळाल्यात.

पन्हाळा

सगळी चर्चा एच-४ ची चाललीय, म्हणून आमच्या घरची वेगळी बाजू. माझा थोरला भाऊ भावंडांच्या कोट्यातून ग्रीन कार्डवर सांगलीहून आलाय. वय पन्नाशीच्या पुढे. आयटीआय, आयुष्यभर फ्रिज-एसी दुरुस्ती केली. इंग्रजी कामापुरतं. एका ग्रोसरी गोदामात लावून देतो म्हणाले, पण त्याचा हात सोन्याचा आहे, तो पेट्या उचलण्यात वाया जाऊ नये असं वाटतं.

कौस्तुभ_पी

पन्हाळा, दादांसाठी ईपीए ६०८, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याच्या नियमाचं सर्टिफिकेट. रेफ्रिजरंट (फ्रिज-एसीतला गॅस) हाताळायला इथे हे सर्टिफिकेट कायद्याने लागतं. एक कोअर आणि तीन प्रकार, प्रत्येकी २५ प्रश्न, त्यातले १८ बरोबर आले की पास. वर्गाची सक्ती नाही, थेट परीक्षा देता येते. सर्टिफिकेट जन्मभर चालतं. त्यांना यंत्र येतं, फक्त इथले नियम आणि इंग्रजी शब्द शिकायचेत. इथलं सगळं पीएसआय आणि फॅरनहाइटमध्ये असतं, त्याचा सराव करून घ्या.

गोदामातच जायचं ठरलं तर फोर्कलिफ्टच्या ऑनलाइन सर्टिफिकेटला पैसे देऊ नका. ओशा या कामगार सुरक्षा खात्याच्या नियमाने प्रत्यक्ष चालवून घेणं आणि पारखणं ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे. नुसता ऑनलाइन कागद पुरत नाही.

आभा_न्यूजर्सी

आणि दादांना अमेरिकन जॉब सेंटरमध्ये घेऊन जा. देशभरात अशी साधारण २,३०० केंद्रं आहेत. २०१४ च्या डब्ल्यूआयओए या रोजगार-प्रशिक्षणाच्या कायद्याखाली तिथून प्रशिक्षणाची फी मिळू शकते, मात्र कोर्स राज्याच्या मान्य यादीतला हवा. ग्रीन कार्डवाले यात बसतात. कायद्यात काम करायची परवानगी असलेले इतर स्थलांतरितही आहेत, हल्ली कागद काटेकोर तपासतात. प्राधान्य कमी उत्पन्नवाल्यांना असतं, त्यामुळे नवऱ्याचा आयटीतला पगार असलेल्या घरांना बहुतेक फीचे पैसे मिळत नाहीत. पण रेझ्युमे, मुलाखतीची तयारी, जागांची यादी हे सगळ्यांना फुकट असतं.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणखी एक. २०२५ च्या कायद्याने पेल ग्रँट ही केंद्र सरकारची शिक्षणाची मदत ८ ते १५ आठवड्यांच्या काही कोर्सना लागू केली आहे, १ जुलै २०२६ पासून. एच-४ वर ती मिळत नाही. कॉलेजात विचारताना "वर्कफोर्स पेल" हेच शब्द वापरा.

दादांच्या इंग्रजीसाठी ॲडल्ट स्कूल किंवा लायब्ररीतला ईएसएलचा वर्ग. संध्याकाळचे असतात, फुकट किंवा नाममात्र फीचे.

गार्गी_शिकागो

शाळेतली पॅराप्रोफेशनल राहिली! वर्गात शिक्षिकेला मदत, बऱ्याचदा विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर. टायटल वन शाळांत (गरीब मुलांसाठी केंद्राचा निधी मिळणाऱ्या) दोन वर्षांचं कॉलेज किंवा पॅराप्रो परीक्षा मागतात. भारतातली पदवी असली की मूल्यांकनावर काम होतं. इलिनॉयमध्ये वेगळं पॅरा लायसन्स काढावं लागतं. पगार बेताचा, पण सुट्ट्या आपल्या मुलांबरोबरच. ज्यांना आफ्टरकेअरचा, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं सांभाळण्याचा, खर्च परवडत नाही त्यांनी हा हिशेब नक्की करावा.

मेधा_म्युनिक

धागा अमेरिकेचा आहे, तरी एक ओळ जर्मनीची. इथे ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, कागदाची अडचण नाही. अडतं ते भाषेवर. इंटिग्रेशन कोर्स ७०० तासांचा, त्याने बी-१ या भाषेच्या मधल्या पातळीपर्यंत नेतात. पुढच्या प्रशिक्षणासाठी रोजगार कार्यालयाकडून बिल्डुंग्सगुटशाइन, म्हणजे फीचं व्हाउचर, मिळू शकतं. ते मिळणं तुमच्या सल्लागार अधिकाऱ्याच्या मतावर असतं, म्हणून भेटीला जाताना जागांच्या जाहिरातींचे प्रिंट घेऊन जा. तिथेही आभाताई म्हणतात तेच, आधी नोकरी दाखवायची, मग कोर्स मागायचा.

एमएस्सी_मायक्रो

अजिंक्यची बायको. आजच आयडी घेतला. सगळं वाचलं. मला लॅबच हवी आहे, आणि फ्लेबॉटॉमीपासून सुरुवात करायला माझी काहीच हरकत नाही. मास्टर्सचा विचार त्याचा होता, माझा नाही. तो आता शनिवारी मुलांना बघणार आहे. टेक्सासात लायसन्स लागत नाही हे कळलं. कॉलेजला फोन करताना काय काय विचारू? फोनवर माझी गडबड होते.

आभा_न्यूजर्सी

स्वागत! कागदावर लिहून घे आणि वाचून दाखवलंस तरी चालतं, आमच्या बाजूला कुणाला काही वाटत नाही. एकूण खर्च किती, त्यात पुस्तकं, गणवेश, परीक्षेची फी, बॅकग्राउंड चेक धरलंय का. प्रात्यक्षिक कुठल्या हॉस्पिटलात, आणि ते लेखी देता का. मागच्या बॅचमधल्या किती मुली परीक्षेला बसल्या आणि किती पास झाल्या. बॅच रद्द झाली तर पैसे परत कधी. आणि सगळ्यात आधी, तुझ्या जवळच्या दोन लॅबच्या एचआरला विचार, "या कॉलेजचं सर्टिफिकेट तुम्ही धरता का?" त्यांनी नाही म्हटलं तर कॉलेजला फोनच करू नकोस.

आणि वैद्यकीय कोर्सवाल्यांनी सगळ्यांनीच, लसींच्या कागदांना आजच हात घाला. इथे सर्वात जास्त मुली अडकतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांचा पुरावा लागतो. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड गावी कुठल्या कपाटात आहे कुणाला ठाऊक. ते सापडलं नाही तर रक्ताची टायटर चाचणी (अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी) करून घ्या, ती चालते. लस नव्याने घ्यावी लागली तर दोन डोसांत किमान चार आठवडे जातात, हिपॅटायटिस बीला काही महिने. टीबीच्या त्वचाचाचणीत आपल्यापैकी बऱ्याचजणींना बीसीजीमुळे खोटी सूज येते, मग एक्सरे आणि खुलासे यात बॅच निघून जाते. डॉक्टरांना सांगा की बीसीजी घेतलंय, आणि त्वचाचाचणीऐवजी आयजीआरए ही रक्तचाचणी मागा. सीपीआरचं कार्डही आधीच काढा, बहुतेक ठिकाणी बीएलएस (आरोग्य क्षेत्रातल्यांचा सीपीआर) मागतात आणि ते प्रत्यक्ष वर्गातलं हवं, पूर्ण ऑनलाइन घेत नाहीत.

एमएस्सी_मायक्रो

आईला फोन केलाय, ती कपाट बघतेय. टायटरची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळाली.